आवाज बंद करून पाहिलेला हंगाम

तो हंगाम संपला तेव्हा गुणतक्त्यात आमच्या खाली एकच संघ होता, आणि त्या संघानंही आम्हाला हरवलेलं होतं.

पुण्यात पगारी खेळाडूंचा बास्केटबॉल संघ आहे हे पुष्कळ पुणेकरांना ठाऊक नाही. मी त्या संघाचा सहायक प्रशिक्षक आहे म्हटलं की समोरचा विचारतो, "हो, ते झालं. पण नोकरी कुठं?" पूर्वी मला याचा राग यायचा. त्या उन्हाळ्यात मात्र बरं वाटत होतं. आपण हरलोय हेच ज्याला माहीत नाही, त्याच्यासमोर बसून निवांत चहा पिता येतो.

संघाचे मालक मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. हंगाम संपला की कोण ठेवायचा, कोण सोडायचा याची बैठक त्यांच्या गाळ्यावरच्या खोलीत होते. खाली हमाल ढेपा उतरवतात, वर आम्ही भिंतीवरच्या टीव्हीसमोर बसतो. शेजारच्या गाळ्यात मिरचीची पोती हलवली की सगळे एकदम खोकतात. शेठना खेळातलं फार कळत नाही, पण माल पारखायची जन्माची सवय. "ढेप फोडल्याशिवाय गूळ कळत नाही," असं ते दर वर्षी म्हणतात. "फोडा एकेकाला."

हेड कोच माझा जुना सोबती. एकाच क्लबात, एकाच सिमेंटच्या कोर्टवर आम्ही वाढलो, राज्याकडून एकत्र खेळलो. त्याचे या बैठकीचे दोन नियम आहेत. पहिला: सामन्यांची दृश्यं आवाज बंद करून बघायची. समालोचक आरडाओरडा करतात, प्रेक्षक शिट्ट्या मारतात, आणि साधा पाससुद्धा मोठा वाटायला लागतो. खेळाडू बघायचा तर मुका बघावा, असं त्याचं म्हणणं. दुसरा नियम: जो एखाद्याला काढा म्हणेल, त्यानंच त्याच्या घरी जाऊन, समोर बसून ते सांगायचं. फोन नाही, मेसेज नाही. या नियमामुळे पुष्कळ जण वाचलेत. दार वाजवायच्या भीतीनं माणसं मतं बदलतात.

दृश्यं निवडून, कापून, जोडून आणायचं काम माझं.

आता ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो. अमरावतीकडचा, पस्तिशीला टेकलेला फॉरवर्ड. संघात सगळ्यात मोठा. उंची बेताची, उडी संपत आलेली, पण चेंडू कुठं जाणार हे त्याला चेंडूच्या आधी कळायचं. टाइमआउटमध्ये मी पाटीवर खुणा काढून समजवायचो, पोरं माना डोलवायची, आणि घोळका फुटला की हळूच त्याला विचारायची, "दादा, म्हणजे नक्की काय करायचं?" मी सर. तो दादा. हा फरक मला पहिल्या महिन्यातच टोचला. पुढं तो टोचत नाही असं मी धरून चाललो.

खरा काटा मात्र घरचा होता. माझे वडील बँकेतून निवृत्त झालेले, नारायण पेठेत राहतात. माझ्या सगळ्या खेळण्याच्या काळात ते एकच सामना बघायला आले. अंतिम सामना होता, आम्ही जिंकलो, मी चांगला खेळलो. परत येताना ते म्हणाले, "बसायला खुर्च्या नव्हत्या." संपलं. तेच वडील या वयात रिक्षा करून पुण्यात होणाऱ्या आमच्या प्रत्येक सामन्याला यायला लागले. मला वाटलं, माझ्यासाठी. मग एका रविवारी जेवताना म्हणाले, "तुझा तो विदर्भातला आहे ना, चेंडू नसताना तो कुठं उभा राहतो ते बघ. चेंडू हातात असताना काय, कोणीही उभं राहतं."

"बघतो," मी म्हणालो.

"बघ. उशीर झालाय, पण बघ."

त्या दिवसापासून मी त्याला बघायला लागलो. प्रशिक्षकासारखा नाही. शेजारच्यानं नवी गाडी घेतल्यावर आपण गॅलरीतून बघतो ना, तसा.

खेळातलं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन बास्केटकडे घुसला की आपला एक जण मदतीला आत सरकतो. त्यामुळे कोपऱ्यात त्यांचा एक माणूस मोकळा राहतो. चेंडू त्याच्याकडे गेला की आत सरकलेल्यानं जीव खाऊन परत बाहेर पळायचं असतं. बचावाचं काम हेड कोचनं पूर्ण माझ्यावर सोपवलेलं. मी ठरवलं की बाहेर पळायचंच नाही. आत भिंत करायची आणि कोपऱ्यातून लांबचे फटके मारायचे तर मारू द्यायचे. कोण रोज रोज तिथून बास्केट करतो? म्हणून चेंडू कोपऱ्यात गेला की मी बेंचवरून ओरडायचो, "थांब! थांब!"

लोकांनी रोज रोज बास्केट केले.

चौथ्या-पाचव्या पराभवानंतर तो माझ्याकडे आला. एकटा, पोरं गेल्यावर. "सर, मी काय म्हणतो, त्या कोपऱ्याचं जरा बघा ना. अर्धं बाहेर निघून हात तरी दाखवू. नेम चुकतो बघा माणसाचा."

"तू खेळ," मी म्हणालो. "डोकं लावायला मी आहे."

"हाव सर," तो म्हणाला आणि बूट काढायला बसला.

पुढं गंमत अशी झाली की तरुण पोरांनी माझं ऐकणं सोडून दिलं. मी थांब म्हणालो तरी ती सवयीनं बाहेर पळायची, उशिरा पोचायची, पण पळताना दिसायची. थांबायचा तो एकटा. ते चूक आहे हे त्याला माहीत होतं, तरी मी सांगितलं म्हणून तो हात खाली ठेवून आतच उभा राहायचा. पोरांनाही म्हणायचा, "सरांनी सांगितलं तर थांबायचं बावा. पाचही जणांनी एकच चूक केली तर निदान समजते तरी." हेड कोच बेंचच्या दुसऱ्या टोकाला आक्रमणाच्या चाली आखण्यात गुंतलेला असायचा, गलक्यात माझं ओरडणं त्याच्या कानावर येत नसे; त्यानं मला एकदा विचारलंसुद्धा, कोपरा असा उघडा का पडतोय? मी म्हणालो, पोरं उशीर करतात.

बैठकीच्या दोन दिवस आधी हेड कोच पार्किंगमध्ये भेटला. हेल्मेट हातात, घाईत. "एक विचार आहे. आपल्या अमरावतीकराला पुढच्या वर्षी थोडं खेळवू आणि थोडं बेंचवर बसवू, आपल्याबरोबर. बचाव त्याच्याकडे देऊन बघायचा का? पोरं ऐकतात त्याचं."

"बघू ना," मी म्हणालो. "चांगला विचार आहे."

आणि घरी जाऊन मी दृश्यं निवडायला बसलो.

मी काहीही खोटं केलं नाही. हे वाक्य मी नंतर मनाशी फार घोळवलं. प्रत्येक दृश्य खरं होतं, प्रत्येक सामना झालेला होता. फक्त मी त्याची कोपऱ्याचीच दृश्यं काढली. चेंडू बाहेर जातो, कोपऱ्यातला माणूस मोकळा उभा, आणि हा चार पावलांवर हात लोंबकळत ठेवून बघत राहतो. बास्केट. पुन्हा तेच. दुसरं शहर, दुसरी जर्सी, पुन्हा तेच. एकामागून एक लावलं तर तो माणूस बस चुकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. माझा आवाज प्रत्येक दृश्यात होता. पण तो कोणी ऐकणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

बैठक सुरू झाली. आधी आमच्या उंच सेंटरची दृश्यं लागली. हेड कोच म्हणाला, "हात सोन्याचे. पण मागं पळत येताना असा येतो, की जणू रिक्षा शोधतोय." ठेवला. मग तो तरुण गार्ड, ज्याला चेंडू मिळाला की बाकी चौघांचा विसर पडतो. "विसरू दे. वयानं सुधारतं," असं म्हणून तोही ठेवला. शेठ मधूनमधून विचारायचे, "याचा भाव काय? याच्यापेक्षा स्वस्त मिळेल का?" मग अमरावतीकराची दृश्यं लागली.

खाली ढेपांचे धप् धप् आवाज येत होते.

"मला वाटायचं पोरं उशीर करतात," हेड कोच सावकाश म्हणाला. "हा तर हलतच नाही."

"पाय गेले वाटतं," शेठ म्हणाले.

हेड कोचनं माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं? तू रोज बघतोस."

त्या वेळी मला एकच शब्द बोलायचा होता, आणि तो मी हंगामभर घसा फोडून ओरडलो होतो. मी म्हणालो, "मन मोठं आहे त्याचं. पण पुढच्या वर्षी तो आपल्याला झेपणार नाही."

"म्हणजे काढा म्हणतोस?"

"हो."

"मग नियम माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शहराबाहेर मांजरीला गेलो. उसाचे फड संपून नव्या इमारती सुरू होतात तिथं त्याचा भाड्याचा फ्लॅट. दार त्यानंच उघडलं, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली.

"या सर! इकडं कुठं?"

"सहज."

"सहज मांजरीले कोणी येत नाही सर," तो हसला. "ॲम्ब्युलन्सवाला पण पत्ता विचारते."

त्याची बायको जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कंपनीचं काम करत होती. ती उठली. "बसा ना जी. बरं झालं आले तुम्ही. घरमालक रोज विचारून राहिला, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट पुढं करायचं की नाही. मी म्हटलं, सर लोकांचं ठरू द्या आधी."

ती चहा ठेवायला आत गेली. मी बोलून टाकलं. थांबलो असतो तर बोलता आलं नसतं.

"तुला सोडायचं ठरलंय."

तो थोडा वेळ बर्फाची पिशवी नीट करत राहिला. "काहून?" मग सावरून, "म्हणजे, का सर?"

"बचाव. कोपऱ्यात उशीर होतो, असं सगळ्यांचं मत पडलं."

"सगळ्यांचं."

"हो."

"कोणत्या मॅच दाखवल्या?"

मी सांगितल्या. त्यानं प्रत्येकीला मान हलवली. त्याला एकूण एक चेंडू आठवत असणार.

"आवाज बंद ठेवून?"

"कोचची पद्धतच आहे ती."

"हाव," तो म्हणाला. "माहीत आहे मले." पंख्याकडे बघत जरासा हसला. "म्हणजे मी काहून उभा होतो, ते कोणाले समजलंच नसंन."

तेव्हा सांगायचं होतं. कबूल करायला याहून मोठी जागा कोणी कोणाला करून देत नाही. मी म्हणालो, "शाळांना आता चांगले प्रशिक्षक लागतात. तुझ्यासारख्याला काही कमी नाही."

त्याची बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. कप माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "पूर्ण सीझन यांनी तुमचं ऐकलं ना जी. घरी येऊन चिडचिड करत, ते चूक आहे, ते चूक आहे. मी म्हणे, मग सांगा ना त्यांना. तर म्हणे, एकदा सांगितलं, आता ऐकायचं."

"जाऊ दे ना तू," तो तिला म्हणाला. "चहा घ्या सर. थंडा होऊन राहिला."

चहा प्यायलो. आणि तिथंही, त्या खुर्चीत बसून, मला त्याचा हेवा वाटला. माझे गुडघे गेले आणि क्लबानं मला वगळलं, त्या दिवशी माझ्या वतीनं असं कोणी चिडलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

महिन्याच्या शेवटी त्यांनी घर सोडलं. तो गावाकडे एका शाळेत शिकवायला लागला, असं पोरांकडून कळलं.

पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातंय. नव्या हंगामात मी बचाव बदलला. कोपऱ्याकडे अर्धं बाहेर निघायचं, हात दाखवायचा, मग आत यायचं. त्यानं सांगितलेलंच, शब्दाला शब्द. पोरांना ते मी माझं म्हणून शिकवलं. नेम चुकायला लागले. आम्ही सामने जिंकायला लागलो. एका विजयानंतर हेड कोचनं पाठीवर थाप मारली, "बघ, तो गेला आणि कोपरा बंद झाला. कटू निर्णय होता, पण तू घेतलास." मी थँक्यू म्हणालो. खरंच म्हणालो.

वडील त्या हंगामात यायचे बंद झाले होते. गुडघे दुखतात म्हणायचे. एकदा मी गाडी पाठवून, आग्रह करून त्यांना बोलावलं. आम्ही जिंकलो. नारायण पेठेत त्यांना सोडायला गेलो तेव्हा ते गाडीतून उतरेनात.

"कोपऱ्याकडे निघायला लागलात," ते म्हणाले.

"हो. बदललं थोडं."

"गेल्या वर्षी तू थांब थांब ओरडायचास. मी तिसऱ्या रांगेत बसायचो, कान किटायचे. तो बिचारा थांबायचा." त्यांनी काठी मांडीवर घेतली. "मग त्याला काढला कशाबद्दल?"

"थांबायचा म्हणून," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवायला लागला. ते काचेतून त्याला म्हणाले, "अहो, उडून जा." मग मला, "त्याला काढायची कल्पना कोणाची?"

"माझी. मी तशीच दृश्यं निवडली. तुम्ही त्याला बघायला यायचात, बाबा. मला नाही."

इतक्या वर्षांत मी त्यांना काहीही इतकं सरळ सांगितलं नव्हतं. ते रागावतील किंवा निदान काहीतरी लागट बोलतील असं वाटलं. ते दार उघडून उतरले, काठी टेकली आणि म्हणाले, "तुला बघायला येत होतो. त्याच्याबद्दल बोलायचो, कारण तुझ्याबद्दल बोलायला मला जमत नाही." आणि इमारतीत गेले. हे खरं होतं की मला घालून पाडून बोलण्याची त्यांची नवी तऱ्हा, मला आजही ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात हेड कोचला सगळं सांगितलं. तो पुढच्या प्रतिस्पर्ध्याची दृश्यं बघत होता. त्यानं गेल्या वर्षीचा एक सामना लावला आणि आवाज वाढवला. माझं ओरडणं त्या छोट्या खोलीत फारच मोठं वाटलं. खालून एका हमालानं वर मान करून बघितलं.

त्यानं आवाज पुन्हा बंद केला. मग म्हणाला, "आता सांगून काय केलंस? तुझं हलकं झालं. त्याचं काय?"

"तू म्हणशील ते."

"दृश्यं आजपासून मी निवडणार. आणि त्याला फोन कर. शिबिराला ये म्हणावं, हंगामाच्या मधल्या भरतीत जागा बघू. खेळायला नाही जमलं तर बचाव बघायला ये म्हणावं. तुझ्या जागी. तूच सांग."

मी जिन्यात जाऊन फोन लावला. पलीकडे चेंडूंचा गलका, पोरांचं ओरडणं. मी सगळं सांगितलं, अडखळत. बैठक, दृश्यं, बचावाची त्याची पद्धत मी माझी म्हणून वापरली ते, आणि आता देऊ केलेली जागा. तो मध्ये एकदाही बोलला नाही. इतकं, की फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"आहे सर, ऐकून राहिलो," तो म्हणाला. "सांगितलं ते बरं केलं."

"मग येतोस?"

"नाही सर. हिनं इथंच काम घेतलं, घरून करते. शाळेची टीम आत्ता कुठं उभी राहून राहिली." मग जरा थांबून, "तुमचा कोपरा चांगला चालून राहिला म्हणे?"

"चालतोय."

"बरं झालं," तो म्हणाला. टोमणा असता तर मी झेलला असता. त्याला खरंच बरं वाटलं होतं, बचाव चालला म्हणून. मागून कोणीतरी दादा, दादा म्हणून हाका मारायला लागलं. "ठेवतो सर. पोरं वाट पाहून राहिली."

त्यानं नाही म्हटलं, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. माझी खुर्ची राहिली. वाईट वाटलं ते नंतर, जिना चढून वर जाताना; आणि त्या वाईट वाटण्यातही अर्धा भाग हेव्याचा होता, त्याची वाट बघणाऱ्या त्या पोरांमुळे. वर जाऊन मी हेड कोचला म्हणालो, तो येत नाही. त्यानं विचारलं, "तुला बरं वाटलं का?"

मी हो म्हणालो.